वॉर्डातली उमेदवारी : प्रस्तावना

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने फिटर, टर्नर, वायरमन, इलेक्ट्रिशियन अशा धंद्यांच्या उमेदवारीला चौकट दिली. किती काळ शिकायचे, मालकाने काय शिकवायचे, विद्यावेतन किती द्यायचे, करार मोडला तर काय, याचे नियम ठरले. त्या यादीत नसलेले एक काम या पुस्तकाचा विषय आहे. वस्तीतल्या नळाला पाणी का येत नाही याचा माग महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या नेमक्या ओळीपर्यंत काढणे, एकमेकींशी भांडणाऱ्या दोन गल्ल्यांना एका सभेत बसवणे, पुढच्या महिन्यात अधिकाऱ्याला नाकारता येऊ नये असे सभेचे इतिवृत्त लिहिणे, माहिती अधिकाराच्या अर्जात उत्तर टाळता येणार नाही असा प्रश्न विचारणे आणि हे सगळे स्वतः करून मोकळे न होता वस्तीकडून करवून घेणे, असे ते काम आहे. आपल्याकडे ते तळमळीचे मानले जाते. तळमळ असली की बाकी आपोआप जमते, असा समज आहे, आणि त्या समजापायी दर पिढीत शेकडो चांगली मुले दोन वर्षांत थकून घरी परततात. हे एक कसब आहे, ते कुणाच्या तरी हाताखाली राहूनच अंगी येते, त्यासाठी वेळ, पैसा आणि चुका करायला खरीखुरी जागा लागते, आणि शिकवण्याचा अंतिम अधिकार संस्थेकडे न राहता वस्तीकडे असावा लागतो, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. बेंगळुरूत गेल्या चार दशकांत झालेले प्रयोग या म्हणण्याला आधार देतात. काही ठिकाणी ते त्याला चांगलेच अडवतातही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केली तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांचे प्रशिक्षण बंधनकारक होते. अभ्यास, देशभर प्रवास, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि मग स्वतंत्र जबाबदारी. दक्षिण आफ्रिकेत वीस वर्षे लढून आलेल्या गांधींनाही गोखल्यांनी १९१५ मध्ये वर्षभर देश पाहण्याचा आणि जाहीर बोलणे टाळण्याचा सल्ला दिला होता. इतक्या अनुभवी माणसालाही उमेदवारी चुकली नाही. या शिस्तीतून निघालेली माणसे पाहिली की तिची ताकद कळते. ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली आणि गिरणगावातल्या त्या कामातून ते कामगार संघटनेकडे वळले. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली तेव्हा ते तिच्या उभारणीत होते. गो. कृ. देवधर सहकाराकडे आणि सेवासदनाकडे गेले, ठक्कर बाप्पा भिल्लांमध्ये. पण या परंपरेतली उणीवही उघड होती. शिकणारा सुशिक्षित पुरुष, बहुधा वरच्या जातीतला. वस्ती ही त्याच्या सेवेची जागा. शिकाऊ कसा घडतो आहे, हे सांगण्याचा अधिकार वस्तीला नव्हता. लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (१८८४) शिकागोच्या हल हाउसपर्यंत (१८८९) वस्तीला हा अधिकार नसण्याची मर्यादा कमीअधिक दिसते. मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमधून क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९३६ मध्ये समाजकार्याचे टाटा विद्यालय सुरू केले, आणि वस्तीतली उमेदवारी अभ्यासक्रमातले क्षेत्रकार्य झाली. तिला पदवी मिळाली, प्रतिष्ठा मिळाली, वेळापत्रक मिळाले. मात्र काम अर्धवट असतानाही सत्र संपू लागले, ही किंमत मोठी होती असे मला वाटते.

दुसरा प्रवाह संघटकांचा. १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, शिबिरे आणि कलापथके यांतून एक अख्खी पिढी घडवली. सभा कशी जमवावी, गावात कुणाकडे उतरावे, विरोधकाशी कसे बोलावे हे त्या मुलांनी फिरता फिरता शिकून घेतले. १९६७ मध्ये बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने तरुणांना थेट संघर्षात उतरवले. पण या प्रवाहातले सर्वांत बोलके उदाहरण शहाद्याचे आहे. १९७० नंतर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल शेतमजुरांची चळवळ अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि पुण्या-मुंबईची शिकलेली मुले तिथे कामाला गेली. तिथे उस्ताद आदिवासी होता आणि शिकाऊ इंजिनिअर. जमिनीच्या नोंदी वाचून दाखवणे हे शिकलेल्याचे काम. कोणत्या पाड्यात कधी जायचे, कोणत्या मागणीवर माणसे उभी राहतील आणि कोणत्या मागणीवर घरी बसतील, हे सांगणे अंबरसिंगांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरात १९३२ मध्ये माइल्स हॉर्टन यांनी काढलेल्या हायलँडर शाळेचा धडा याच जातीचा. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या कार्यशाळेला गेल्या होत्या, आणि त्याच डिसेंबरात मॉन्टगोमरीच्या बसमध्ये त्यांनी जागा सोडायला नकार दिला. तो नकार अचानक सुचलेला नव्हता. त्यामागे बारा वर्षांचे संघटनेचे काम होते. १९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी शिंपी, सुइणी, खाटीक यांच्या उमेदवारीचा अभ्यास करून जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभाही हाच आहे. नवखा माणूस कामाच्या कडेला उभा राहून, छोटी पण खरी कामे करत मध्यभागी सरकतो; शिकणे म्हणजे त्या समूहाचा सदस्य होत जाणे.

तिसरा प्रवाह सरकारी, आणि तो चटकन ओलांडता येतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिचा विस्तार प्रचंड झाला आणि खेड्याचे तोंड न पाहिलेल्या लाखो मुलांना तिने निदान सात दिवस खेड्यात नेले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण दोन वर्षांचे २४० तास म्हणजे आठ तासांचे तीस दिवस. तीस दिवसांत वायरमन तयार होत नाही. चौथा प्रवाह गेल्या दोन दशकांतला, फेलोशिपचा. २००८ ची गांधी फेलोशिप, पुण्या-मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेले टीच फॉर इंडिया, महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप. निवड कडक, मानधन बरे, आणि मधल्या काळात मिळणारी ओळखीची वर्तुळे फार मोलाची. यातून चांगली माणसे निघाली आहेत. तरी फेलोचे प्रगतिपुस्तक त्याची संस्था लिहिते, आणि फेलोशिप संपल्यावर तो बहुधा दुसऱ्या शहरात, वरच्या पदावर जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये गडचिरोलीतून सुरू केलेल्या ‘निर्माण’ने प्रश्न थोडा वेगळा विचारला, की आयुष्य कशासाठी वापरायचे आहे ते आधी ठरव. तो प्रश्न मूलगामी आहे. पण तोही शिकलेल्या तरुणाला विचारलेला प्रश्न आहे. ज्याला आयुष्य कशासाठी वापरायचे हे निवडण्याची सवडच मिळालेली नाही, त्याची उमेदवारी कुठे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ते उत्तर शोधण्यासाठी बेंगळुरूकडे पाहावे लागते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कामगार संघटनांच्या बैठकांना मोठ्यांबरोबर कामावरची पोरेही येऊन बसत. संघटना बांधणाऱ्यांच्या लक्षात आले की या मुलांना कायदाही ओळखत नाही आणि युनियनही. त्यातून ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी नंदना रेड्डी या स्नेहलता रेड्डी यांच्या कन्या. आणीबाणीत बेंगळुरूच्या तुरुंगात हाल सोसलेल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये वारलेल्या अभिनेत्रीच्या. नागरिकाच्या हक्कांचा विषय त्या घरात पुस्तकातून आलेला नव्हता. संस्थेने बालमजुरांसाठी कायद्याचा मसुदा केला, आणि १९८६ च्या बालमजुरी कायद्यामागे तो होता. पण उमेदवारीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. १९९० मध्ये काम करणाऱ्या मुलांनी स्वतःची संघटना काढली, भीम संघ. नव्वदच्या दशकात कुंदापूर तालुक्यात ‘मक्कळ पंचायती’ सुरू झाल्या, म्हणजे मुलांनी मुलांमधून मतदानाने निवडलेल्या पंचायती. त्यांनी शाळेच्या वाटेवरचे ओढे आणि त्यांवर नसलेले साकव, सरपणासाठी लागणारे तास, दारूची दुकाने हे विषय मोठ्यांच्या पंचायतीपुढे मांडले, तेही नुसती तक्रार न करता गोळा केलेल्या माहितीसह. बारा-चौदा वर्षांची मुलगी घरोघर फिरून माहिती जमवते, ती कागदावर मांडते, आणि ग्रामपंचायतीच्या अध्यक्षासमोर उभी राहून उत्तर मागते. पुढे कर्नाटक सरकारने राज्यातल्या ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा घ्यायला सांगितले. हे सगळे शिकवायला कुणी व्याख्याता नेमला नव्हता. होते ते सोबतीला राहणारे मोठे कार्यकर्ते, आणि मुलगी चुकली तर तिची चूक सुधारणारे पण तिच्या जागी स्वतः न बोलणारे.

याच शहरात दुसऱ्या टोकाला मध्यमवर्गीय नागरिकशास्त्राची शाळा उभी राहिली. १९९३ च्या सुमारास सॅम्युअल पॉल यांनी शहरातल्या सेवांबद्दल नागरिकांकडूनच गुण घेतले आणि महापालिका, वीज मंडळ, पाणी मंडळ यांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून पब्लिक अफेअर्स सेंटर निर्माण झाले. २००१ मध्ये रमेश आणि स्वाती रामनाथन यांनी ‘जनाग्रह’ सुरू केले आणि वॉर्डातल्या कामांचे प्राधान्य नागरिकांनी ठरवावे अशी मोहीम चालवली. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बी-पॅक या संस्थेने तर नागरी नेतृत्वाचा नऊ महिन्यांचा रीतसर कार्यक्रमच आखला. ‘रीप बेनिफिट’ने शाळा-कॉलेजच्या मुलांना गल्लीतला एकेक छोटा प्रश्न हाती घ्यायला लावले. या शाळेवर नेहमीची टीका आहे की ती खड्डे पाहते आणि झोपडपट्टी पाहत नाही. टीका पुष्कळ अंशी खरी आहे. पण अंदाजपत्रक वाचण्याची, आकडे मागण्याची, टेंडर आणि वर्क ऑर्डर यांतला फरक धरण्याची तिने लावलेली सवय ही खरी हत्यारे आहेत, आणि हत्यारांना वर्ग नसतो. ती कुणाच्या हाती पडतात एवढाच प्रश्न असतो. त्या प्रश्नाला ‘संवाद’ या १९९२ पासून काम करणाऱ्या संस्थेने हात घातला. तिच्या बदुकु कॉलेजात दलित, ग्रामीण, कष्टकरी घरांतली मुले पत्रकारिता, समुपदेशन, युवाकार्य, शेती असे विषय उपजीविका म्हणून शिकतात. समाजबदलाचे काम हा पोटापाण्याचा धंदाही असला पाहिजे, नाही तर तो ज्यांचे पोट आधीच भरलेले आहे त्यांच्याच हाती राहील, ही भूमिका मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक वाटते. कचरावेचकांच्या ‘हसिरु दळ’ने तीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली. सुका कचरा संकलन केंद्रे चालवताना वेचकांनी महापालिकेशी करार, हिशेब आणि वाटाघाटी शिकून घेतल्या. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून चालवलेले काम या बाबतीत बेंगळुरूचे थोरले भावंड आहे.

आता अडचणीच्या जागेकडे. कसब शिकायला कारखाना लागतो, आणि नागरी कामाचा कारखाना म्हणजे वॉर्ड. वॉर्ड समित्यांची तरतूद करणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. बेंगळुरूत वॉर्ड समित्या प्रत्यक्षात यायला त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ, उच्च न्यायालयाचे आदेश आणि नागरिकांचा रेटा लागला. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी स्टील फ्लायओव्हरविरुद्ध हजारो माणसे मानवी साखळीत उभी राहिली आणि पुढच्या मार्चमध्ये प्रकल्प रद्द झाला. एका रविवारच्या गर्दीने एवढे साधते. मात्र त्याच मंडळींनी पुढे वॉर्ड समित्यांची मागणी लावून धरली तेव्हा काम फार संथ आणि कंटाळवाणे झाले, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथून सुरू झाले. १९८ वॉर्ड, प्रत्येकात दहा नागरिक सदस्य, त्यांत स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा. म्हणजे जवळजवळ दोन हजार माणसांना शहर चालवण्याची उमेदवारी करता येईल एवढी सोय. पण सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे निवडणूक झाली नाही. २०२५ मध्ये ती महापालिकाच मोडून ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका करण्यात आल्या. एखाद्या तरुणीने २०१९ मध्ये वॉर्ड सभेत बसायला सुरुवात केली असेल तर तिचा नगरसेवक, तिची समिती आणि शेवटी तिची महापालिका, तिन्ही तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. मराठी वाचकाने यावर हसू नये. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होते. आपल्या कायद्यातल्या क्षेत्रसभा तर कित्येक नगरसेवकांनी नावानेही ऐकलेल्या नाहीत. प्रशिक्षण कार्यक्रम वाढत गेले आणि शिकलेले वापरण्याच्या जागा मिटत गेल्या, हा या काळातला सर्वांत मोठा विरोधाभास आहे. म्हणूनच हे कार्यक्रम चालवणाऱ्यांनी निवडणुका वेळेवर होण्याचा आग्रह हा आपल्या कामाबाहेरचा राजकीय विषय समजू नये.

इथे पहिला आक्षेप येतो. असे कार्यक्रम राजकारणाची धार घालवतात, संघर्ष करू पाहणाऱ्या तरुणाला प्रकल्प-अहवाल लिहायला बसवतात, आणि देणगीदाराच्या मर्जीबाहेरचा प्रश्न विचारू देत नाहीत. पक्षांच्या, युनियनच्या, सेवा दलाच्या शाखा हेच काम फुकट आणि अधिक चांगले करत होत्या, असे म्हणणारे जुने कार्यकर्ते आजही भेटतात. मला या आक्षेपात तथ्य दिसते, पण निष्कर्ष पटत नाही. त्या शाखा फुकट नव्हत्या. त्यांचा खर्च घरातल्या बायका, शिक्षकाची नोकरी आणि वडिलोपार्जित शेती उचलत असे. ज्याच्यामागे हे तिन्ही नाही, तो तेव्हाही शाखेत टिकत नव्हता. आज पक्षांकडे बूथ सांभाळायला माणसे लागतात; अंदाजपत्रक वाचणारा कार्यकर्ता ते घडवत नाहीत, आणि घडलाच तर तो त्यांना अडचणीचा वाटतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, की उमेदवारी म्हणजे स्वस्तातली वेठ. गॅरेजमधला मिस्त्री नव्या पोराला वर्षभर नुसते पाने पुसायला लावतो, तसे हे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतनावर तरुण सरकारी कचेऱ्यांत सहा महिन्यांसाठी घेतले गेले, आणि मुदत सरताच कायम करा म्हणून ते रस्त्यावर आले. त्यांचे चुकले कुठे? रिकाम्या पदाचे काम त्यांनी केले होते. यावर उपाय उमेदवारी बंद करण्यात नाही. करारात वस्तीला तिसरा पक्ष करावा, शिकण्याचे टप्पे लिहून ठेवावेत, आणि मंजूर पदाच्या जागी शिकाऊ बसवायला बंदी घालावी. पैसा नाही, ही सबब तर चालणारच नाही. कर्नाटकाची युवानिधी योजना बेकार पदवीधराला महिना तीन हजार आणि पदविकाधारकाला दीड हजार रुपये देते, दोन वर्षांपर्यंत. दोन वर्षे म्हणजे एका चांगल्या उमेदवारीचा काळ. सरकार तेवढ्या काळाचा निदान काही भार उचलायला तयार आहे, फक्त नोकरीची वाट पाहण्यासाठी. तोच पैसा शिकण्याला का जोडू नये, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ मांडणीवरच आहे. वस्ती म्हणजे कुणी एकजिनसी, निर्मळ समूह नव्हे. तिच्यात घरमालक आहे, सावकार आहे, जात आहे, बायकांना सभेत मागे बसवणारे पुरुष आहेत. अशा वस्तीला उस्ताद केले तर शिकाऊ तेच शिकेल. याला पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. वस्ती म्हणजे तिचा पुढारी नव्हे, हे मान्य करून शिकाऊला कुणाच्या हाताखाली ठेवायचे ते निवडावे लागते: मोलकरणींच्या गटाकडे, वेचकांच्या संघटनेकडे, मुलांच्या पंचायतीकडे. मक्कळ पंचायतीने मोठ्यांना जे प्रश्न ऐकवले ते मोठ्यांच्या सभेत कधीच आले नसते. बाहेरची संस्था लागते ती एवढ्यासाठी, की वस्तीतल्या दबलेल्या गटाला उस्तादाचा मान देण्याचा धोका तिने पत्करावा. या कामाचे यश मोजता येत नाही, हा आक्षेप मात्र मी फार गांभीर्याने घेत नाही. किती तरुण शिकले आणि किती कार्यशाळा झाल्या, हे आकडे देणगीदारासाठी असतात. शिकाऊ निघून गेल्यावर वर्षभराने वस्तीची सभा भरते का, इतिवृत्ताची वही कुणी लिहिते का, एवढे पाहिले तरी पुरे.

प्रस्तुत पुस्तक हे मार्गदर्शक नाही आणि गौरवग्रंथही नाही. बेंगळुरूच्या वस्त्या, तळी, कचरा केंद्रे आणि वॉर्ड कचेऱ्या यांत उमेदवारी केलेल्यांची आणि त्यांना शिकवणाऱ्यांची कथने यात शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि अनेकदा ती एकमेकांशी जुळत नाहीत. जे शिकवले असे उस्तादाला वाटते ते शिकाऊने घेतलेलेच नसते. आणि त्याने जे घेतले ते शिकवत आहोत याचा उस्तादाला पत्ताही नसतो. संपादकांनी ही विसंगती पुसून टाकली नाही, हे त्यांचे मोठे काम. उणीव सांगायची तर मध्येच सोडून गेलेल्यांचा आवाज यात थोडा आहे, आणि बेंगळुरूत राहणाऱ्या परभाषिक मजुरांच्या मुलांचा त्याहून थोडा. कन्नड येत नाही म्हणून वॉर्ड सभेत गप्प बसणाऱ्या या मुलांची उमेदवारी कुठल्या भाषेत व्हावी, हा प्रश्न पुढच्या पुस्तकासाठी उरला आहे.

महाराष्ट्रात सेवा दलापासून ‘निर्माण’पर्यंत आणि शहाद्यापासून पुण्याच्या कचरावेचकांपर्यंत एवढी उमेदवारी झाली, तरी शिकाऊंच्या बाजूने लिहिलेली कथने मराठीत फार थोडी आहेत, पुढाऱ्यांची आत्मचरित्रे मात्र कपाटे भरून आहेत. ज्या संस्था आज तरुणांना हाताशी घेत आहेत त्यांनी त्यांच्याकडून, आणि मध्येच सोडून गेलेल्यांकडूनही, लिहून घ्यावे. फसलेल्या सभांसह, न मिळालेल्या मानधनासह आणि वस्तीने दिलेल्या शेऱ्यासह.